कार्कासॉन: टाइल सगळ्यांच्या, माणसं आपली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं नीट लागेल. घरात तुम्ही पाच जण: आजी, तुम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. सुट्टीत कार्कासॉन हा टाइल जुळवायचा पटावरचा खेळ आणला. पहिले एक-दोन डाव मजेत झाले. त्यानंतर दर वेळी मुलगीच जिंकते, मुलाचं मोठं शहर अर्धवट राहतं आणि तो रडत उठतो, आजींना ते आडवे झोपलेले शेतकरी कळत नाहीत आणि डाव दीड-दीड तास चालतो. एक टाइलही हरवली आहे. आता दुसरा खेळ घ्यावा, की याचाच विस्तारसंच, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा पुरवणी संच, आणला तर रंगत येईल, असं तुम्ही विचारलं आहे.

खेळ बदलू नका, आणि विस्तारसंच तर आत्ता मुळीच आणू नका. मी गेली ११ वर्षं दर रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कुटुंबांसाठी पटावरच्या खेळांचं टेबल लावते. तिथे सगळ्यात जास्त वेळा मांडला गेलेला खेळ हाच आहे, आणि तुम्ही सांगितलेली प्रत्येक अडचण त्या टेबलावर येऊन गेली आहे.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. जर्मनीच्या क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी रचलेला हा खेळ २००० साली हान्स इम ग्ल्युक या प्रकाशनाने काढला. २००१ मध्ये त्याला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार मिळाला. पेटीत जाड पुठ्ठ्याच्या ७२ चौकोनी टाइल असतात. एक मधोमध मांडायची, उरलेल्या ७१ पालथ्या ठेवायच्या. आपली पाळी आली की एक उचलायची आणि कडेला कड जुळवून ठेवायची: रस्त्याला रस्ता, तटाला तट, शेताला शेत. मग वाटलं तर नुकत्याच ठेवलेल्या त्याच टाइलवर आपला एक माणूस उभा करायचा. रस्ता पूर्ण झाला की टाइलमागे १ गुण, शहराचा तट पूर्ण झाला की टाइलमागे २ आणि शहरात चितारलेल्या प्रत्येक ढालीचे वर २, मठाच्या आठही बाजू भरल्या की ९. काम पूर्ण झालं की माणूस हातात परत. प्रत्येक रंगाची ८ माणसं असतात. त्यांतलं एक गुणांच्या पट्टीवर जातं, खेळायला उरतात ७. या लाकडी माणसांना जगभर ‘मीपल’ म्हणतात. तो शब्दही हाच खेळ खेळताना एका अमेरिकन भिडूच्या तोंडून २००० साली निघाला. आमच्या टेबलावरच्या आज्या मात्र त्यांना सरळ सोंगट्या म्हणतात, आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटतो.

आता मूळ मुद्दा. या खेळात टाइल कुणाचीच नसते. तुम्ही ठेवलेल्या टाइलला मी माझी जोडू शकते, तुमचा रस्ता मी संपवू शकते, तुमच्या शहरापाशी माझं शहर वाढवत आणू शकते. पट सगळ्यांचा मिळून एकच, आणि त्यात आपली म्हणावीत अशी फक्त ती ७ माणसं. म्हणून डाव जिंकतो तो ज्याची माणसं वेळेवर घरी परत येतात. मोठं शहर कुणी बांधलं याला त्यामानाने फार कमी महत्त्व आहे.

७ वर्षांची बहुतेक मुलं कशी खेळतात ते सांगते, तुमचा मुलगा यात दिसतो का पाहा. पहिल्याच पाळीला शहराची टाइल येते, माणूस त्यावर. दुसऱ्या पाळीला रस्ता, माणूस रस्त्यावर. तिसऱ्याला आणखी एक शहर. टाइल ठेवली की माणूस ठेवायचाच, कारण ठेवण्यात मजा असते. सातव्या-आठव्या पाळीला हात रिकामा होतो. पटावर त्याची सात कामं उघडी, त्यांतलं एकही पूर्णत्वाच्या जवळ नाही. नेमका तेव्हा मठ निघतो आणि त्यावर उभं करायला माणूस नाही. तिथून पुढे तो नुसत्या टाइल ठेवतो आणि मन खेळातून उठतं. रडू शेवटी येतं, पण डाव हातातून गेलेला असतो अर्ध्यावरच.

त्याला एकच गोष्ट शिकवा: टाइल उचलण्याआधी हातातली माणसं मोजायची. ३ पेक्षा कमी असतील तर आधी कुणाला तरी घरी आणायचं, नवीन कामावर पाठवायचं नाही. एवढ्या एका सवयीने लहान मुलांचा खेळ दोन-तीन डावांत बदललेला मी पाहिला आहे.

आणि त्याला छोट्या शहराची किंमत दाखवा. दोन टाइलचं पानासारखं शहर होतं ना, त्याचे ४ गुण. (जुन्या आवृत्तीत दोन टाइलच्या शहराला फक्त २ होते, तेव्हा आपली पुस्तिका एकदा पाहा.) पटावर तटाचा एक तुकडा कुणाचाही माणूस नसलेला पडलेला असेल, तर त्याच्या समोर दुसरा तुकडा लावायचा, त्यावर माणूस उभा करायचा, शहर तिथल्या तिथे पूर्ण, ४ गुण घ्यायचे आणि तोच माणूस त्याच पाळीत परत उचलायचा. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी वर्षभर जवळजवळ एवढंच खेळल्या. मोठ्या शहरांकडे त्या बघायच्या नाहीत, आणि अशी पाच शहरं झाली की २० गुण. एवढ्यासाठी आठ टाइलचं, दोन ढालींचं भलं मोठं शहर बांधावं लागतं. ते बांधताना माणूस अर्धा डाव अडकून राहतो, आणि शहर शेवटपर्यंत पूर्ण झालंच नाही तर २० चे १० होतात, कारण अपुऱ्या शहराला टाइलमागे १ आणि ढालीमागे १ एवढंच मिळतं.

पाच जणांनी एकदम बसणं हेच तुमच्या दीड तासाचं कारण आहे. पेटीवर २ ते ५ भिडू लिहिलेलं असतं ते खरं, पण हिशोब करा. ७१ टाइल पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाला १४ पाळ्या, एकाला १५. प्रत्येक पाळीनंतर चार जणांची वाट पाहायची. १४ पाळ्यांत ७ माणसं बाहेर काढून परत आणायला उसंतच मिळत नाही. तिघं बसलात तर प्रत्येकाला २३-२४ पाळ्या मिळतात, काम सुरू करून पूर्ण करता येतं, चूक सुधारता येते. मी घरी खेळणाऱ्यांना तिघं किंवा चौघं बसायला सांगते. तुमच्यापैकी एकाने आळीपाळीने बाहेर राहून गुण लिहावेत. गुणांची पट्टी ५० घरांची असते, पन्नासच्या पुढे पुन्हा फेरी सुरू होते आणि कोण कितव्या फेरीत आहे यावरून वाद होतात. वही-पेन घेऊन बसलेलं एक मोठं माणूस असलं की तो प्रश्न मिटतो.

आता शेतकरी. मुलगी दर वेळी का जिंकते, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. माणूस शेतात आडवा ठेवला की तो डाव संपेपर्यंत उठत नाही, आणि शेवटी त्याच्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे ३ गुण देतो. पाच पूर्ण शहरं त्याच शेताला टेकत असली तर एका माणसाचे १५. घरातल्या बाकीच्यांना हे शेवटच्या मोजणीत कळतं, तिला पहिल्यापासून दिसत असतं. म्हणजे चार जण एक खेळ खेळताहेत आणि ती दुसरा. यात तिचा काही दोष नाही, ती चांगली खेळते आहे.

पुढचे चार-पाच डाव शेतकरी पूर्ण काढून टाका. यात खेळ मोडल्याची भावना नको. हल्लीच्या नियमपुस्तिकेतही शेतकरी मूळ नियमांपासून वेगळे काढून पुरवणी म्हणून दिलेले आहेत. शेतकऱ्यांशिवायचा खेळ ३५-४० मिनिटांत होतो आणि रस्ता, शहर, मठ या तीनच गोष्टींकडे सगळ्यांचं सारखं लक्ष राहतं. नंतर घ्याल तेव्हा प्रत्येकाला एकच शेतकरी ठेवायची परवानगी द्या. हा माझा घरगुती नियम आहे, पुस्तिकेत सापडणार नाही. एकच आहे म्हटल्यावर कधी ठेवायचा याचा विचार लहान मुलंही करायला लागतात. फार लवकर ठेवला तर एक माणूस जवळजवळ अख्खा डाव गेला, फार उशीर केला तर चांगली जमीन दुसऱ्याने घेतलेली.

आजींना शेत कळत नाही म्हणता, तर त्यांना नियम वाचून दाखवू नका. पटावर त्यांचं बोट ठेवा आणि हिरव्यावरून फिरवायला सांगा. रस्ता म्हणजे बांध, शहराचा तट म्हणजे बांध. बांध न ओलांडता बोट जिथपर्यंत जातं तेवढं एक शेत. गावाकडची शेती पाहिलेल्या माणसाला हे एका मिनिटात समजतं. कित्येकदा मग त्याच घरातल्या मोठ्यांना दाखवून देतात की दोन शेतं मागून एकत्र झाली आहेत. टाइलवर वाचायला एक अक्षरही नाही, म्हणून आज्यांसाठी हा खेळ मला फार आवडतो. फक्त उजेड चांगला हवा. मंद दिव्यात रस्त्याची फिकट रेघ आणि शेताची कड नीट दिसत नाही आणि आजी विनाकारण स्वतःला दोष देत बसतात.

नियमाची एक गोष्ट घराघरांत विसरली जाते आणि तिने खेळाचा सूर बदलतो. मूळ नियमांत लिहिलेलं आहे की उचललेली टाइल बाकीच्यांना दाखवायची, म्हणजे ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचवता येईल. टाइल पत्त्यांसारखी छातीशी धरायची नसते! उघडी ठेवा, सगळ्यांनी मिळून जागा शोधा. मात्र माझ्या टेबलावर याला एक मर्यादा आहे: कुठे कुठे बसते ते सांगायचं, कुठे ठेव ते सांगायचं नाही. ‘इथे बसेल, तिथेही बसेल, त्या कोपऱ्यातही बसेल’ एवढं बोलून गप्प राहायचं. निवड ज्याची पाळी त्याची. हे मोठ्यांना जड जातं, विशेषतः वडिलांना. पण मुलाने स्वतः निवडलेली चुकीची जागा त्याला पुढच्या डावात आठवते. बाबांनी निवडून दिलेली बरोबर जागा आठवत नाही.

मुलाला लिंबूटिंबू करू नका. त्याचे गुण मोजायचे नाहीत, किंवा मुद्दाम हरायचं, हे दोन्ही मुलांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतं आणि जास्त लागतं. त्याऐवजी त्याला एक उघड सवलत द्या: त्याच्या हातात कायम दोन टाइल असू देत, त्यातली एक निवडून ठेवायची आणि एक नवीन उचलायची. बाकीच्यांना एकच. यात गुण कुणी फुकट देत नाही, निवड मात्र वाढते, आणि निवडायला शिकणं हाच तर या खेळाचा गाभा आहे. आमच्याकडे ८-९ वर्षांची मुलं आपणहून म्हणतात की मला आता एकच टाइल चालेल. तो दिवस घरातल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा असतो.

मुलीसाठीही काही करायला हवं, कारण सतत जिंकणाऱ्यालाही कंटाळा येतो. तिला भागीदारी दाखवा. एका शहरात दोन जणांची माणसं संख्येने सारखी असतील तर गुण वाटून घ्यायचे नसतात, दोघांनाही पूर्ण मिळतात. ज्या शहरात आधीच माणूस आहे तिथे दुसऱ्याला थेट शिरता येत नाही. शेजारी वेगळा तुकडा सुरू करून त्यात माणूस ठेवायचा आणि नंतर मधली टाइल टाकून दोन्ही जोडायचे. ती सध्या हे आक्रमणासाठी वापरत असेल. तेच भावाच्या अर्धवट शहरासाठी केलं तर? वीस गुणांचं शहर एकट्याच्या १४ पाळ्यांत होत नाही, पण दोघांनी टाइल टाकल्या की होतं, आणि वीस त्याला, वीस तिला. आई-बाबा मागे पडतात! एका रविवारी अशाच एका बहीण-भावाने शेवटून तिसऱ्या टाइलला शहर बंद केलं तेव्हा अख्खा हॉल त्यांच्या टेबलाभोवती जमला होता.

याच्या उलटची चाल म्हणजे अडवणूक. दुसऱ्याच्या कामाशेजारी अशा टाइल टाकायच्या की रिकाम्या जागेत बसणारी टाइल उरूच नये. सरळ रस्त्याच्या ८ आणि वळणाच्या ९ टाइल असतात, पण चारही बाजूंना रस्ता असलेला चौक संपूर्ण संचात एकच आहे. तो निघून गेल्यावर एखाद्या जागेला चारी बाजूंनी रस्ते आणून ठेवले, की तिथला माणूस शेवटपर्यंत तिथेच. तीन बाजूंना तट असलेल्या टाइल ७ आणि चारही बाजूंना तट असलेली फक्त एक. मोठ्यांच्या डावात ही चाल मला आवडते, त्यात खरं कौशल्य आहे. ७ वर्षांच्या मुलावर ती अजून वर्षभर तरी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीला तसं सांगा, कारणही सांगा. ती ऐकेल.

मठाबद्दल थोडंसंच. संचात ६ मठ असतात. रिकाम्या कडेला ठेवलेला मठ माणूस गिळतो. जिथे आधीच पाच-सहा शेजारी टाइल आहेत अशा खाचेत ठेवला तर दोन-तीन पाळ्यांत ९ गुण देतो. आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत हातातली शक्य तेवढी माणसं पटावर उतरवा. अपुऱ्या कामालाही टाइलमागे १ गुण मिळतो, हातात उरलेल्या माणसाला काहीच नाही.

मुलाला खेळात ओढायचा आणखी एक मार्ग आहे, तो खेळाच्या नावातून जातो. कार्कासॉन हे दक्षिण फ्रान्समधलं खरंखुरं तटबंदीचं शहर आहे: एकात एक दोन तट, त्यांवर टोकदार छपरांचे बुरूज. एकोणिसाव्या शतकात ते पडझडीतून पुन्हा उभं केलं गेलं आणि १९९७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला त्याचा फोटो दाखवा. तट अर्धवट सोडला तर किल्ला होत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडच्या एका मुलाने मोठ्या शहराला ‘गड’ आणि दोन टाइलच्या शहराला ‘चौकी’ अशी नावं दिली होती. आता सगळेच तसं म्हणतात.

विस्तारसंच का नको, तेही सांगते. ‘सराया आणि कॅथेड्रल’ हा पहिला संच बहुतेक जण घेतात. त्यात कॅथेड्रल असलेलं शहर पूर्ण झालं तर टाइलमागे ३ गुण, आणि अपुरं राहिलं तर शून्य. मुलगा ज्या गोष्टीवरून आज रडतो, तीच हा संच दुप्पट करेल. नदीचा छोटा संच, १२ टाइलचा, तेवढा घ्यायला हरकत नाही. नव्या आवृत्तीच्या पेटीत तो असतोही, आधी तिथेच पाहा. नदी आधी मांडली जाते, त्यामुळे पट सुरुवातीलाच लांब पसरतो आणि सगळे एका कोपऱ्यात गर्दी करत नाहीत.

दुसरा खेळ कधीतरी घ्यायचाच असेल, तर मुलासाठी किंगडोमिनो. २०१७ चा श्पील देस यारेस मिळवलेला आहे. ४८ दुहेरी टाइल, प्रत्येकाचं ५ बाय ५ चं आपापलं राज्य, १५-२० मिनिटांत डाव संपतो आणि आपलं राज्य कुणी बिघडवत नाही. आजींना रंग-आकार जुळवायला आवडत असेल तर क्विर्कल, त्याच्या १०८ लाकडी टाइल हाताला जड आणि छान लागतात. अझूल दिसायला सगळ्यांत सुंदर, पण त्यात नको असलेल्या टाइल गळ्यात पडून गुण वजा होतात. मुलगी आणि तुम्ही दोघं यांच्यासाठी ठीक, मुलाला थांबू द्या.

राहिली हरवलेली टाइल. खेळ ७१ टाइलवर व्यवस्थित चालतो. पण कोणती हरवली ते शोधून काढा. पुस्तिकेत प्रत्येक प्रकारच्या टाइलचं चित्र आणि संख्या दिलेली आहे. जमिनीवर चटई टाका, पंखा बंद करायची गरज नाही, टाइल जाड आहेत. मुलाला प्रकारवार ओळी लावायला सांगा. अर्धा तास लागेल, आणि कोणती टाइल किती आहे हे घरात सगळ्यांत आधी त्याला पाठ होईल. वेगळ्या रंगाच्या पाठीची सुरुवातीची टाइल हरवली असेल तर काळजीच नको, तशाच चित्राच्या आणखी ३ टाइल संचात असतात, त्यातली एक मधोमध मांडा. तो एकुलता एक चौक किंवा चारही बाजूंना तट असलेली टाइल गेली असेल, तर डावाआधी सगळ्यांना सांगा, म्हणजे कुणी तिची वाट पाहत बसणार नाही. पुठ्ठ्याची बदली टाइल करणार असाल तर जाडी जुळवा. आणि टाइल ढिगांऐवजी एका कापडी पिशवीतून काढा, जुन्या साडीची शिवलेली चालेल, म्हणजे पाठीवरून कुणाला ती ओळखू येणार नाही.